पावट्याला रात्र हवी

मृग लागला की मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढते. त्यात राखेत घोळून ठेवलेलं पावट्याचं बी असतं, आईनं जुन्नरहून दिलेलं. राखेमुळे त्याला भुंगा लागत नाही. मातकट रंगाचं, कडेला पांढरीशुभ्र पट्टी असलेलं हे बी एक रात्र भिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी बोटाच्या एका पेराएवढं खोल टोबायचं, एवढंच काम. यंदा मात्र बी भिजत घालण्याआधी मी सलग तीन रात्री गच्चीवर जाऊन उभी राहिले. कुठला कोपरा खरोखर काळोखात असतो, ते मला पाहायचं होतं.

आमची इमारत नवी सांगवीत, तीन मजली. गच्चीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाक्या, पुढच्या बाजूला रस्ता. गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी रंगाचे वीस लिटरचे दोन डबे भरले. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग माती, शेणखत आणि वर्षभर कुजवलेला पालापाचोळा. एक डबा टाक्यांजवळ ठेवला, दुसरा रस्त्याकडच्या कठड्याला. दोन्हींत एकच बी, एकच माती, दोघांना सकाळचं ऊन सारखंच. तीन आठवड्यांत दोन्ही वेलांनी सुतळी धरली.

पावट्याचं टोक सुतळी कशी धरतं, हे एकदा तरी निवांत बघावं. ते नुसतं वर जात नाही, हवेत गोल फिरत आधार शोधतं. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. आपण मदत म्हणून चुकीच्या बाजूनं गुंडाळून दिलं, तर ती गुंडाळी टिकत नाही. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकला होता तेव्हा त्यानं कुंडीतल्या हॉपच्या वेलाचं हे फिरणं तासन् तास पाहिलं, आणि 1865 साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध लिहिला. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

दसरा झाला आणि टाक्यांजवळच्या वेलाला जांभळे तुरे आले. दिवाळीपर्यंत त्याच्यावर काळे भुंगे घोंघावायला लागले. रस्त्याकडचा वेल मात्र नुसता वाढत होता. तळहाताएवढी पानं, काळपट हिरवा रंग, कठडा ओलांडून खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलेले शेंडे, आणि तुरा एकही नाही. गच्चीवर येणारा प्रत्येक जण एकच शब्द बोलायचा: माजलाय. खत जास्त झालं की वेल माजतो, हे खरंच आहे. मी खत बंद केलं, पाणी तोडलं, शेंडे खुडले, आंबट ताक फवारलं. वेल आणखी फुटला.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एकदा टाकी भरली का पाहायला रात्री अकराला वर गेले, तेव्हा जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर या वेलाची सावली पडलेली दिसली. पानन् पान मोजता यावं इतकी ठळक. रस्त्यावर उन्हाळ्यात बसवलेला नवा पांढरा दिवा बरोबर कठड्याच्या उंचीला होता. त्याचा झोत निम्मा रस्त्यावर आणि निम्मा आमच्या गच्चीवर येत होता. टाक्यांजवळचा वेल जिन्याच्या खोलीआड असल्यामुळे काळोखात होता. मी दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत बराच वेळ तिथंच उभी राहिले.

वनस्पतीला दिवस किती मोठा हे कळतं, ही गोष्ट 1920 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी दाखवून दिली. तंबाखूचं एक वाण उन्हाळाभर उंच वाढायचं पण फुलायचं नाही. या दोघांनी झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे 1938 साली हॅमनर आणि बॉनर यांनी त्यातली खरी मेख शोधली. त्यांनी प्रयोगाला घेतलं ते आपल्या नदीकाठी माजणारं, कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं झुडूप. ते झाड दिवस मोजत नव्हतं, सलग अंधाराचे तास मोजत होतं. लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला, तरी त्याच्या हिशेबी ती रात्र मोडली आणि फूल आलं नाही. हा हिशेब पानं ठेवतात, आणि फुलायचा निरोप पानांकडून शेंड्याकडे जातो.

वाल-पावट्याची आपल्याकडची जुनी वाणं याच जातकुळीतली. ज्येष्ठ-आषाढात पेरा किंवा श्रावणात पेरा, रात्री लांबल्याशिवाय ती फुलत नाहीत. म्हणून आपल्या घरांत पावट्याचं सगळं कौतुक हिवाळ्यात. रायगडात शेतात मडकं उलटं घालून भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, तीही थंडीतच. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत पावटा असतो, कारण तेव्हा तो वेलावर असतो. पंचांग आणि वेल एकाच रात्रीकडे बघून चालत आले आहेत.

नावांचा थोडा गोंधळ आहे, तोही सांगून टाकते. पुण्याच्या मंडईत ‘घेवडा’ म्हटलं तर चपटी शेंग मिळते, ‘पावटा’ म्हटलं तर दाण्यांची, ‘श्रावण घेवडा’ म्हटलं तर फरसबी. कोकणात ‘वाल’, त्यातही कडवे आणि गोडे. फरसबी आणि कोरेगावकडचा वाघ्या घेवडा हे अमेरिका खंडातून आलेल्या घराण्यातले. वाल, पावटा आणि चपटा घेवडा मात्र एकाच जातीचे, आणि आपल्याकडे फार जुने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून जे उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीतल्या जळक्या धान्यांमध्ये वालही सापडला. तोही आपल्याच जिल्ह्यात. मी आईचं बी हातात घेते तेव्हा हे मला दर वेळी आठवतं.

इंग्लंडात परसातल्या बांबूच्या तंबूवर चढणारी लाल फुलांची रनर बीन ही याचीच लांबची नातलग, मूळ मेक्सिकोच्या थंड डोंगरांतली. मैत्रिणीनं तिचं बी आणून दिलं होतं, मीही हौसेनं लावलं. लाल फुलं सुंदर आली, पण गळून गेली. तिला गारवा लागतो. जिथलं झाड तिथलं हवामान मागतं, त्यात त्याची चूक नाही.

पण पावटा तर इथलाच. मग त्यानं मागितलेली रात्र सांगवीत का नाही?

मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग कारखाने उभे राहिले, आणि इथल्या घरांना तीन पाळ्या लागल्या. माझे सासरे तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तिसरी पाळी करून सकाळी आले की सासूबाई खिडकीला गोधडी लावायच्या आणि दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्यांना झोपेसाठी रात्र तयार करून द्यावी लागायची. मी सासूबाईंना वेलाची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, “म्हणजे त्याला कायमची रातपाळी लागलीय म्हण की. मग लाव की काहीतरी आडवं. यांना लावत होतो तसं.”

धान्याची तीन पोती उसवून मी त्यांचा पडदा शिवला आणि मांडवाच्या रस्त्याकडच्या अंगाला बांधला. संध्याकाळी दिवेलागणीला खाली सोडायचा, सकाळी उठल्या उठल्या गुंडाळायचा. एक दिवसही चुकवला नाही. बाहेरगावी जायचं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगून गेले. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या बगलेत पहिला तुरा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा. सासूबाई गुडघे धरून दोन मजले चढून बघायला आल्या.

एका गच्चीवरच्या एका वेलाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मला कळतं. त्याच दिवसांत थंडी वाढली होती, खतही बंद होतं. म्हणून यंदा मी कठड्याशी दोन डबे ठेवणार आहे, एकाला पडदा आणि एकाला नाही. पण दिव्याखालचं पीक मागे राहतं, हे इतरत्रही लोकांनी पाहिलं आहे. अमेरिकेत रस्त्याकडेच्या दिव्यांखाली सोयाबीनचा तेवढाच गोल हिरवा राहतो आणि बाकीचं शेत वाळून काढणीला येतं. सोयाबीनही रात्र मोजणारंच पीक.

यावर एक सोपा उपाय बाजारात आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेली ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ ही वालाची बुटकी वाणं दिवस लहान-मोठा असला तरी फुलतात. मांडव नको, वाट पाहणं नको. ज्यांची बाल्कनी लहान आणि रस्ता समोर, त्यांनी ती जरूर लावावीत. मी मात्र आईचंच बी लावणार. पुन्हा पेरलं नाही तर ते डब्यातल्या डब्यात मरेल, आणि ते कुठल्या दुकानात मिळणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी जी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, तिच्यात वाल आणि घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी ते बी नुसतं साठवलं नाही. दर वर्षी पेरलं, वाढवलं, वाटलं. जुनं बी टिकतं ते असंच. शहरातल्या प्रत्येक गच्चीनं एक वाण सांभाळलं, तरी केवढं काम होईल.

रस्त्यावर दिवे नकोत, असं मी अजिबात म्हणत नाही. दुसरी पाळी सुटल्यावर कृष्णा चौकात उतरून एकटीनं घरी येणाऱ्या मुलींसाठी तो दिवा हवाच, आणि चांगला लख्ख हवा. पण उजेड त्यांच्या पायाखाली पडायला हवा, तिसऱ्या मजल्यावर नव्हे. दिव्याच्या डोक्यावर आणि मागच्या अंगाला पत्र्याचा आडोसा बसवला की काम होतं. तसा अर्ज आम्ही इमारतीतल्या सगळ्यांनी सह्या करून दिला आहे. त्यात पावट्याचं नाव लिहिलं, आणि मुलांच्या खोलीत रात्रभर उजेड येतो हेही लिहिलं.

बाकीचं थोडक्यात. काळा मावा कोवळ्या शेंड्यांवर येतोच. मुंगळ्यांची रांग दिसली की समजावं, मावा आला. पाण्याचा जोरात फवारा आणि निंबोळी अर्क, एवढं मी करते. ढालकिडे दिसले तर अर्कही मारत नाही, ते माव्यावरच जगतात. वेल संपल्यावर उपटू नका, बुडातून कापा. मुळांवरच्या बारीक गाठींत हवेतला नत्र बांधलेला असतो, तो कुंडीतच राहू द्या. आणि पहिल्या बहरातल्या चार चांगल्या शेंगा न तोडता वाळू द्या, पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी.

भोगीच्या दिवशी रस्त्याकडच्या वेलानं दोन मुठी कोवळ्या शेंगा दिल्या. टाक्यांजवळच्या वेलानं तोवर पाटीभर दिल्या होत्या. तिळाचं कूट लावून केलेली त्या दोन मुठींची भाजी बाजरीच्या भाकरीसोबत खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे पहिल्यांदा गेली, पडदा सोडण्यात त्यांचाही वाटा होता.

यंदा तुम्ही पावटा, वाल किंवा घेवडा लावणार असाल, तर बी भिजत घालण्याआधी एक करा. रात्री दहानंतर हे वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर किंवा बाल्कनीत जा आणि जिथं कुंडी ठेवायची आहे तिथं उभे राहा. हे सदर तिथं वाचता आलं, तर कुंडी दुसरीकडे ठेवा.