आधी विक्री, मग परीक्षा : हा उलटा न्याय आम्हाला मान्य नाही

विष म्हटले की डोळ्यांसमोर मृत्यू उभा राहतो. परंतु असेही विष असते, जे मारीत नाही. केवळ थोडी बुद्धी काढून घेते. मूल जगते, वाढते, शाळेतही जाते. फक्त त्याचे लक्ष टिकत नाही, पाढे पाठ होत नाहीत, शब्द उशिरा सुचतात. शिक्षक म्हणतात, मूल ‘ढ’ आहे. शेजारी म्हणतात, घराण्यातच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके नेमके हेच ऐकविण्यात आले, त्या समाजाने तरी या विषाकडे डोळेझाक करता कामा नये.

गर्भातील व बाल्यावस्थेतील मेंदू हा लहान आकाराचा प्रौढ मेंदू नव्हे. तो घडत असतो. चेतापेशी निर्माण होतात, आपापल्या जागी जातात, एकमेकींशी जोडल्या जातात. या क्रमात एखादे रसायन आडवे आले तर बिघडलेला टप्पा पुन्हा घडविता येत नाही. फिलिप ग्रांजाँ व फिलिप लँड्रिगन या संशोधकांनी २००६ साली मानवी मेंदूच्या वाढीस निश्चितपणे घातक अशी पाच औद्योगिक रसायने दाखवून दिली : शिसे, मिथिल पारा, आर्सेनिक, पीसीबी आणि टोल्युइन. २०१४ साली त्यांनी त्यात आणखी सहांची भर घातली. त्यांत डीडीटी होते आणि क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशकही होते. बाजारात हजारो रसायने आहेत. वाढत्या मेंदूवर त्यांचा काय परिणाम होतो, याची रीतसर प्रयोगशालेय परीक्षा मात्र शे-दीडशे रसायनांचीच झालेली आहे. उरलेल्यांची परीक्षा कोठे चालू आहे? आमच्या घरात, आमच्या मुलांवर!

ही परीक्षा अशक्य आहे काय? मुळीच नाही. ओईसीडी या संघटनेने २००७ साली तिची पद्धत निश्चित केली. गाभण उंदरीणीला गर्भधारणेच्या सहाव्या दिवसापासून ठरावीक मात्रा द्यावयाची, जन्मानंतर पिल्ले एकवीस दिवसांची होईपर्यंत ती चालू ठेवावयाची, मग पिल्लांची हालचाल, शिकण्याची क्षमता व स्मरण पाहावयाचे आणि मेंदूचे वजन-माप घ्यावयाचे. पद्धत आहे, पण ती प्रत्येक रसायनाला सक्तीची नाही. आणि जेथे परीक्षा होते तेथेही बहुधा उत्पादकच तिचा खर्च करतो आणि तिचे निष्कर्षही तोच सादर करतो. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार आहे!

क्लोरपायरीफॉसचेच उदाहरण घ्या. ते अमेरिकेत १९६५ पासून वापरात होते. मेंदूच्या वाढीवरील त्याची परीक्षा उत्पादक कंपनीने करवून घेतली ती १९९८ साली, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. अहवालाचा निष्कर्ष दिलासा देणारा होता. पुढे २०१८ साली ग्रांजाँ यांच्यासह तीन स्वतंत्र संशोधकांनी त्याच प्रयोगाची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली. सर्वांत कमी मात्रा दिलेल्या पिल्लांच्याही लहान मेंदूच्या मापात घट होती. निष्कर्षात तिला स्थान नव्हते. २०२३ साली स्वीडनमधील संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली : अमेरिकन शासनाला सादर झालेल्या अशा ३५ चाचण्यांपैकी ९ चाचण्या युरोपीय शासनांना दाखविण्यातच आल्या नव्हत्या. पुरावा नाही, असे म्हणणाऱ्यांनी प्रथम पुरावा कोठे दडविला जातो, ते सांगावे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्राण्यांवरील एका चाचणीला वर्षाचा काळ आणि लाखो डॉलर लागतात, हे खरे. परंतु आता मानवी चेतापेशी काचपात्रात वाढवून त्यांचे विभाजन, स्थलांतर व परस्परजोडणी यांवर रसायनाचा परिणाम पाहता येतो. अशा चाचण्यांच्या संचाविषयी ओईसीडीने २०२३ साली शिफारशीही प्रसिद्ध केल्या. काचपात्रातील पेशी बोलायला शिकत नाहीत. म्हणून तेथील निर्दोषत्वाचा दाखला अंतिम मानता येणार नाही. परंतु संशयित वेगळे काढण्यास ही चाळणी पुरेशी आहे. सबबींचे दिवस संपले आहेत.

आणि या सबबींची किंमत कोण मोजतो? अमेरिकेत २००० साली क्लोरपायरीफॉसचा घरगुती वापर बंद करण्याचे ठरले. शेतातला चालूच राहिला. म्हणजे शहरातील बाळाला संरक्षण मिळाले, शेतमजुराच्या बाळाला नाही. युरोपने २०२० साली त्याची परवानगी संपविली. भारत सरकारने त्याच वर्षी २७ कीटकनाशकांवरील बंदीचा मसुदा काढला, त्यात हे नाव होते; २०२३ च्या अंतिम आदेशात त्यावर संपूर्ण बंदी आली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते मृत्यू मोजले गेले. पण त्याच कपाशीत निंदण-वेचणी करणाऱ्या गर्भवतीच्या उदरातील हानी कोणी मोजली? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी गर्भवती मजूर स्त्रीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली होती. विश्रांतीबरोबर विषापासून संरक्षण हाही तिचा हक्कच आहे.

अल बर्शाच्या वातानुकूलित सदनिकांत राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. बंद खिडक्यांच्या घरात झुरळांसाठी फवारलेले औषध जमिनीवर, गालिच्यावर राहते आणि रांगणारे मूल तेथेच हात टेकते व तोच हात तोंडात घालते. सुरम्याच्या अनेक नमुन्यांत शिसे असते. सुटी हळद शिशाच्या रंगाने पिवळीधमक केली जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या हळदीत ते फार मोठ्या प्रमाणात आढळले. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. फवारणी करणाऱ्याला औषधातील मुख्य घटकाचे नाव विचारा. ते लेखी मिळाल्याखेरीज दार उघडू नका. गर्भवती व लहान मुले यांना त्या दिवशी घराबाहेर ठेवा. बाळाच्या डोळ्यांत सुरमा-काजळ घालू नका. शंका असेल तर मुलाच्या रक्तातील शिसे तपासून घ्या. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे केवळ आपले घर वाचविणे होय. गावी पैसे पाठविणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आमदार-खासदारांना हेही लिहून विचारावे की, वाढत्या मेंदूवरील परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणतेही कीटकनाशक विक्रीस का यावे? आणि त्या परीक्षेची संपूर्ण आकडेवारी जनतेपुढे खुली का नसावी?

आरोपीला संशयाचा फायदा द्यावा, हा न्याय माणसांसाठी आहे, रसायनांसाठी नाही. संशयाचा फायदा मिळावयाचा असेल तर तो पाळण्यातील बाळाला मिळाला पाहिजे.