आमच्या घरची साडेतीनशे

आमच्या घरात गेल्या वर्षापासून एक ठराव पडून आहे. ठराव मांडणारा आमचा मुलगा. तो नोकरीला बेंगळुरूला, त्यामुळे दर रविवारी फोनवरून मांडतो. ठराव असा की, बाबांनी आता मोटारसायकल विकावी आणि एखादी लहान कार घ्यावी. मुलगी लगेच अनुमोदन देते. सौभाग्यवती तटस्थ राहतात, म्हणजे दोघांचं ऐकतात आणि माझ्याकडे बघतात. माझं वय ५३. उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहे. कंबर अधूनमधून कुरकुरते, हेही घरात सर्वांना ठाऊक. तेव्हा ठरावात काही चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. तरी तो मंजूर होत नाही. का होत नाही, ते आज या सदरात सांगून टाकावं म्हणतो.

गाडी आहे रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५०. सन २०२२ मध्ये घेतलेली. इंजिन ३४९ सीसी, ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन १९५ किलो. आजकालची पोरं हजार सीसीच्या गाड्यांची चित्रं मोबाईलवर बघतात, त्यांना ही आजोबांची गाडी वाटते. उलट शंभर सीसी चालवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ती राक्षस वाटते. खरं म्हणजे ती दोन्हीच्या मधली. सरकारनंही रेघ तिथेच मारली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० वर गेला. आम्ही २८ टक्के भरून घेतली होती. असो.

मधल्या मापाच्या गाडीचं वेड मला वडिलांकडून आलं. त्यांच्याकडे येझदी होती, अडीचशे सीसीची. आपल्या म्हैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि मग १९७३ पासून येझदी नावानं गाड्या निघत. तिची गंमत अशी की, किक आणि गिअर एकाच दांड्यात. किक मारायची, दांडा पुढे पाडायचा, की तोच गिअर. नवखा माणूस खाली दुसरा दांडा शोधत बसायचा. बाबा त्या गाडीवरून गिरणीतून दळण आणत, आम्हां दोघा भावंडांना शाळेत सोडत आणि मे महिन्यात आईला मागे बसवून गोव्याला आजोळी जात. एकच गाडी सगळ्याला. १९९४ साली आत्याच्या लग्नाच्या वेळी ती विकली. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, कारखानाही बंद पडला. बाबा म्हणाले, 'बरं झालं, स्पेअर पार्टसाठी हिंडावं लागलं असतं.' पण त्यानंतर रस्त्यात कुठं येझदीचा आवाज आला की जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा, ते मी पाहिलंय.

पुढे आम्ही सगळेच शंभर सीसीवर आलो. मी बावीस वर्षं तशीच गाडी चालवली. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. लिटरला साठ किलोमीटर, खर्च नाही, कटकट नाही. गावातल्या गावात तर उत्तमच. पण गावाच्या वेशीबाहेर पडलं आणि मागे माणूस बसलं की तिचा जीव वर यायचा. हायवेवर ट्रक मागून आला की आपण आपोआप कडेच्या मातीत उतरायचो. त्यामुळे नकळत एक सवय लागली. बेळगाव म्हणजे आपलं, आणि हालग्याच्या पुढचं सगळं लांबचं.

साडेतीनशे घेताना मलाही शंका होती. रोज कामाला न्यायची गाडी ही, रविवारची हौस नव्हे. टिळकवाडीत पहिल्या नाही तर दुसऱ्या रेल्वे गेटाला थांबणं आलं, सकाळी उद्यमबागेची गर्दी आली, शनिवारी खडेबाजार आणि गणपत गल्ली आली. तिथं हे धूड चालवायचं कसं? तर ते चालतं, आणि बरं चालतं. याचं कारण इंजिनात आहे. हिच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पण पिस्टन वरखाली धावतो ८५.८ मिलिमीटर. अशा लांब धावेच्या इंजिनाला ओढ कमी फेऱ्यांतच मिळते. आमच्या धंद्यातला माणूस ते लगेच समजेल. घट्ट बसलेला नट आखूड पान्यानं झटके देऊन निघतो आणि लांब दांड्याच्या पान्यानं सावकाश दाबला तरी निघतो. खडेबाजारात हातगाडीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये ती डुलत डुलत जाते, सारखा क्लच दाबावा लागत नाही. तीच गाडी जांबोटीहून चोर्ल्याच्या घाटात सौभाग्यवती आणि दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढते. हायवेवर ताशी ऐंशीनं धावताना अंगात अजून थोडी ताकद शिल्लक असते. ती वापरायची नसते, पण आहे हे माहीत असलं की माणूस शांत चालवतो.

दोषही सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील जाहिरात लिहिली. मूळ दोष वजनाचा. पहिल्याच महिन्यात शहापुरात एका उतारावर मी ती तोंड खाली करून लावली. निघताना मागे ओढता येईना, ओढायला गेलो तर आडवी पडली, आणि मी तिच्याबरोबर. दोन कॉलेजच्या पोरांनी उचलून दिली. एक म्हणाला, 'अंकल, चढाकडं तोंड करून लावायची.' तेव्हापासून मी जागेआधी उतार बघतो. पेट्रोल पस्तीसच्या आसपास देते, आणि पेट्रोलनं शंभरी कधीच ओलांडली आहे. आणि एप्रिल-मेमध्ये गेटाला थांबलं की उजवा गुडघा भाजतो.

पण ठराव मंजूर न होण्याचं खरं कारण बैलहोंगलच्या रस्त्यावर आहे.

माझी सासुरवाडी बैलहोंगलजवळच्या एका खेड्यात. घरात कन्नड, शेतात कन्नड, देवळात कन्नड. आमचं लग्न झालं तेव्हा मला कन्नड येत होतं ते फक्त दुकानात आणि बसमध्ये लागतं तेवढं. सासरे मोजकं बोलणारे, मीही तसाच. पंचवीस वर्षं आमचं संभाषण म्हणजे त्यांनी 'ऊटा आतेन्री?' म्हणायचं आणि मी 'आतरी' म्हणायचं. जेवण झालं का, झालं. संपलं.

सन २०२३ मध्ये सासूबाई गेल्या. मामा एकटे राहिले. बेळगावला चला म्हटलं तर येईनात. शेत आहे, दोन म्हशी आहेत, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये मला झोप येत नाही म्हणाले. मेहुणा पुण्याला. मग प्रश्न आला की, जाऊन यायचं कोणी आणि कसं? बसनं जायचं तर कामावरून सुटून बसस्टँड गाठा, बैलहोंगलला उतरा, पुढे खेड्यापर्यंत वडाप बघा. पोचेपर्यंत रात्र, म्हणजे मुक्काम. म्हणजे ते महिन्यातून एकदाच होणार.

अंतर साधारण ४५ किलोमीटर. एका बुधवारी साडेचारला शिफ्ट सुटली आणि मी घरी न वळता तसाच हायवेला लागलो. हालगा, सुवर्णसौध, हिरेबागेवाडी, तिथून डावीकडे. सहाच्या आत मामांच्या दारात. त्यांना वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. मी म्हटलं, काही नाही, सहज आलो. बैलहोंगलला आणि सहज! असं वाक्य त्या घरात पूर्वी कोणी बोललं नव्हतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची भाजी खाऊन नऊच्या सुमारास मी टिळकवाडीत परत. दुसऱ्या दिवशी कामावर वेळेत हजर.

तेव्हापासून दर बुधवारी जातो. कधी सौभाग्यवतीही येतात. पूर्वी त्या साडी नेसून एका बाजूला बसायच्या, आता पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात आणि त्यांचं हेल्मेट त्यांनी स्वतः रंग बघून घेतलं आहे. गुलाबी. बागेवाडीच्या पुढे आपली तांबडी माती मागे पडते आणि काळी रानं सुरू होतात, तिथं त्यांचं बोलणंही कन्नडमध्ये वळतं. हे त्यांच्या लक्षात येत नाही, मी मात्र दरवेळी आरशात बघून हसतो. मला त्या रस्त्यानं कन्नडही शिकवलं. आठवड्याला तास-दीड तास मामांसमोर बसायचं, तर फक्त 'आतरी' म्हणून भागत नाही. उसाचा दर, म्हशीचं दूध, पावसानं दिलेली ओढ, सासूबाईंची एखादी आठवण. परतताना ते दारात येतात, गाडीच्या टाकीवर हात ठेवतात आणि एकच सांगतात, 'सावकाश होगरी.' हा शब्द त्यांचा की आपला, कुणाला माहीत.

आता मुलाच्या ठरावाबद्दल. त्याला सबळ कारण आहे. गेल्या हंगामात रात्री साडेआठला बागेवाडीकडे येताना समोर उसाची ट्रॉली होती. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. समोरून आलेल्या लॉरीच्या उजेडात डोळे दिपले आणि उजेड गेला तेव्हा ट्रॉली पंधरा-वीस फुटांवर. रस्त्यावर उसाचा पाला पडलेला. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाकं लॉक झाली असती तर पाल्यावरून घसरून खालीच गेलो असतो. एबीएसमुळे ब्रेक थरथरला, गाडी सरळ राहिली आणि थांबली. सव्वाशे सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं केलं, ते कोणाला सुचलं असेल त्याचं भलं होवो. पाच मिनिटं कडेला उभा राहिलो. घरी आल्यावर सांगणार नव्हतो, पण माझ्या तोंडावरून सौभाग्यवतींनी ओळखलंच. मुलाचा फोन त्याच रात्री आला.

त्याला मी खोटं ठरवत नाही. कारमध्ये चार पत्रे आजूबाजूला असतात, मोटारसायकलवर आपणच. पण कार आली तर मी ती बुधवारी चारला उद्यमबागेतून काढून बैलहोंगलला नेईन का? आमच्या गल्लीत कार लावायला जागा नाही, ती दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या जागेत उभी राहणार. मी कामावर दुचाकीनंच जाणार. म्हणजे बुधवारचा रविवार होणार आणि रविवारचा महिन्यातून एक रविवार. हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे. म्हणून सध्या घरात तडजोड झाली आहे. उसाचा हंगाम चालू असेपर्यंत अंधार पडला की निघायचं नाही, मामांकडेच झोपायचं आणि पहाटे उजाडल्यावर यायचं. या नियमामुळे मामांना आठवड्यातून एक रात्र सोबत मिळाली. पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध मला मिळतं, ते वेगळंच.

मामा स्वतः मात्र गाडीवर कधी बसले नव्हते. वय ७८. 'बैलगाडी आणि बस, तिसरं वाहन मला नको' असं म्हणायचे. या श्रावणात एका गुरुवारी पहाटे त्यांना बैलहोंगलला डोळे तपासायला जायचं होतं आणि वडाप आलंच नाही. साडेनऊची वेळ दिलेली. बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे बघितलं, मग धोतराचा काचा घट्ट मारला. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेतला आणि सौभाग्यवतींचं गुलाबी हेल्मेट घातलं. देवळाच्या कट्ट्यावरची माणसं उभी राहून बघू लागली. दोन्ही हातांनी माझे खांदे असे धरले की आठवडाभर दुखत होते. आठ किलोमीटरमध्ये त्यांनी 'सावकाश' किती वेळा म्हटलं असेल, मोजायचं सोडून दिलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली. ते उतरेनात. मागे वळून बघितलं तर मामा हेल्मेटच्या आतून इकडे तिकडे बघत होते.

'इष्ट लगू बंतेन?' म्हणाले. एवढ्या लवकर आलं?