रिकामी दुपार आणि छंदाची वही

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावात बाजारपेठेतील उन्हाळी दुपारचे रूप ठरलेले असते. सकाळची गिऱ्हाइके आटोपलेली असतात, संध्याकाळच्या वर्दळीला अवकाश असतो आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. वडीलधारी मंडळी जेवून आडवी होतात आणि गल्ल्यापाशी बसवले जाते ते घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला. परीक्षा संपलेली, निकाल दूर, लातूरच्या क्लासची फी भरून झालेली. पण तो सुरू व्हायला अजून महिना. हातातला मोबाइल वर-खाली सरकत राहतो. काय झाले म्हणून विचारावे तर एकच उत्तर मिळते, ‘कंटाळा आलाय’.

या उत्तरावर घरात सहसा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. आजोबा म्हणतात, ‘आमच्या वेळी कंटाळायला फुरसत नव्हती.’ आई-वडील जरा नव्या विचारांचे असले तर मुलाला कशाला तरी ‘लावतात’. गिटार येते, बुद्धिबळाचा पट येतो, सुलेखनाच्या लेखण्यांचा संच येतो. तीन आठवड्यांनी गिटार कपाटावर चढते आणि दिवाळीच्या साफसफाईतच खाली उतरते. मग निष्कर्ष ठरलेला असतो : याच्यात चिकाटी नाही.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. दुकानात माल निवडावा तसा यादीतून निवडलेला छंद टिकला तर ते नशीबच. पुष्कळदा टिकणाऱ्या छंदाचा उगम एखाद्या प्रश्नात असतो. घरातील कुणालाही ज्याचे उत्तर देता आले नाही अशा प्रश्नात. याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा मुलगा नऊ भावंडांत धाकटा. आई-वडील लहानपणीच गेले आणि मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढला. हाती छऱ्याची बंदूक आली आणि तिने त्याने एक चिमणी टिपली. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हा आरंभ खटकेल आणि तो खटकावाच. पण पुढे जे घडले ते महत्त्वाचे आहे. त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मग ही कोणती? मामांना सांगता आले नाही. त्यांनी ‘असेल काहीतरी’ असे म्हणून विषय मिटवला नाही, की बंदूकही हिसकावून घेतली नाही. त्यांनी मुलाच्या हाती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाची चिठ्ठी दिली. ही गोष्ट १९०८ च्या सुमाराची.

मिलार्ड साहेबांनी पोराला दारातून परत पाठवले नाही. चिमणी ओळखून दिली, संग्रहातील पक्ष्यांचे नमुने कप्प्याकप्प्यांतून काढून दाखवले, पुस्तके वाचायला दिली. एका मोठ्या माणसाने दिलेली ती थोडीशी फुरसत पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे पुरली.

व्यापारी घरात येथे एक वाजवी शंका निघते : असल्या नादाने मुलगा धंद्यातून जाईल त्याचे काय? सालिम अलींच्या बाबतीत ही शंका खोटी नव्हती. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना, तेव्हा त्यांना ब्रह्मदेशातील टॅव्हॉय येथे घरच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात पाठवण्यात आले. भोवती दाट जंगल आणि जंगलात पक्षी! १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी वाणिज्य आणि हिशेब यांचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्रही शिकून घेतले. व्यवसायाला मात्र यश आले नाही, तो गुंडाळावा लागला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत शिकून परत आले तर ती जागाही उरली नव्हती. १९३० च्या पावसाळ्यात हा बेकार गृहस्थ अलिबागजवळ किहीमला सुगरणींची घरटी पाहत बसला होता. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर त्यात राहते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो, हा सारा व्यवहार त्यांनी त्या निरीक्षणातून उलगडला. पुढच्याच वर्षी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता.

तेव्हा छंद धंद्याच्या आड येतच नाही, असे आश्वासन कुणी देऊ नये. क्वचित येतो. पण मुलगा मुळातच धंद्यात रमणारा नसेल, तर ते लवकर कळणे हेही घराच्या हिताचेच.

उलट बाजूचे उदाहरण बिकानेरचे आहे आणि ते मारवाडातून मराठवाड्यात आलेल्या कुटुंबांना अधिक जवळचे वाटेल. अगरचंद नाहटा यांचा जन्म १९११ चा. घराणे व्यापारी, पेढ्या आसाम-बंगालकडे. त्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे फारसे गेले नाही. सोळा-सतरा वर्षांचे असताना आचार्य कृपाचंद्रसूरी यांचा बिकानेरात मुक्काम झाला आणि त्या सहवासात या मुलाला जुन्या रचनांची गोडी लागली. समयसुंदर या कवीच्या रचना शोधता शोधता हस्तलिखितांचा ध्यासच जडला. सोबतीला जवळजवळ समवयस्क असा पुतण्या भंवरलाल होता. जुनी हस्तलिखिते तेव्हा अनेक घरांतून रद्दीच्या भावाने जात होती. काका-पुतण्यांनी ती वाचवली, वाचली आणि त्यांच्या सूची केल्या. अकाली निवर्तलेले थोरले बंधू अभयराज यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या अभय जैन ग्रंथालयात साठ हजारांहून अधिक हस्तलिखिते जमली. विद्यापीठातील प्राध्यापक संदर्भासाठी त्यांच्याकडे येत. आणि पेढी? ती चालूच राहिली.

हिशेबनीसाची सवय येथे उपयोगी पडली, असे मानायला जागा आहे. आलेला माल नोंदल्याशिवाय कोठारात जाऊ द्यायचा नाही, हे व्यापाऱ्याच्या घरात मुलाला शिकवावे लागत नाही. नोंद नसलेला संग्रह ही अडगळच. तारीख, ठिकाण आणि कुणाकडून आले एवढे लिहिले की तीच विद्या होते.

याहून जवळचे स्थळ हवे असेल तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणून ते सर्वांना ठाऊक असते. प्राचीन काळी तेच तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणनंतरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. तेथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. अशा गावात जमिनीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत राहतात. गावकऱ्यांना त्या नित्याच्याच. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच व्यापाऱ्याने त्या गोळा करायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते काम केले. आज तेरला त्यांच्याच नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. युसूफ वडगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, अशी ही सहल आहे. शाळेच्या सहली मात्र बहुधा वेरूळलाच जातात.

युसूफ वडगावच्या मुलाला तेरसारखे प्राचीन नगर पायाखाली मिळेलच असे नाही. तरी त्याच्या हाताशी काय आहे, ते पाहावे. शेतातल्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबकळत असतात. किहीमला लागले त्याहून अधिक साहित्य येथे लागत नाही. घरातील माळ्यावर पणजोबांच्या लाल कापडात बांधलेल्या वह्या असतात. दसरा-दिवाळीला त्यांना हळद-कुंकू वाहिले जाते. पण उघडल्या तर घरातील एकालाही त्या वाचता येत नाहीत, कारण त्या मुडिया म्हणजे महाजनी लिपीत असतात. या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिले आणि वाचणाऱ्याने ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून रडारड केली, हा विनोद प्रत्येक मारवाडी घरात कधी ना कधी सांगितला गेला आहे. विनोद सर्वांना येतो, लिपी कुणालाच येत नाही. आसपास एखादे ऐंशी-पंचाऐंशीचे मुनीमजी हयात असतील आणि त्यांची नजर शाबूत असेल, तर पुढची दोन-तीन वर्षे हाताशी आहेत. त्यानंतर ही संधी मिळणार नाही. पणजोबा कोणत्या साली कोणत्या भावाने ज्वारी घेत होते, कोणाचे देणे त्यांनी सोडून दिले, हे त्या पानांत आहे आणि ते वाचू शकणारा घरातील पहिला माणूस एखादा सोळा वर्षांचा मुलगा असू शकतो.

ज्याला लिपीची गोडी वाटणार नाही, त्याच्यासाठी पाऊस आहे. केज तालुक्यात पावसाइतका दुसरा कोणता विषय दुकानात बोलला जात असेल? खताची उधारी, बियाण्याची उधारी, लग्नाच्या कपड्यांची उधारी, सारी वसुली आभाळाकडे डोळे लावून असते. याच तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी आठ-नऊ वर्षांची असलेली मुले आता मोठी झाली आहेत; रिकाम्या घागरींची रांग त्यांना आठवत असेल. इतके असूनही, गेल्या पाच वर्षांत आपल्या गच्चीवर नेमका किती पाऊस पडला, हे सांगू शकणारे घर विरळा.

मोजणे मुळीच अवघड नाही. सरळ बाजूंची पारदर्शक बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा त्यातच बसवावा, म्हणजे आतल्या पाण्याची वाफ कमी होते. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून तळाशी खडे टाकून थोडे पाणी घालावे आणि जेथे बाजू सरळ होते तेथे शून्याची खूण करावी. तिथून वर पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते ठेवावे. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यावे. हवामान खात्याची वेळही तीच आहे. पाणी ओतून, शून्याच्या खुणेपर्यंत पुन्हा भरून ठेवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९३० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेले, आणि एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पडले. वाण्याच्या मुलाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

मुलींच्या बाबतीत हा छंद आणखी एका कारणाने सोयीचा आहे. घरातील मुलाला ‘जरा फिरून ये’ असे सहज म्हटले जाते. त्याच वयाच्या मुलीचा कंटाळा चार भिंतींच्या आतच जिरवला जातो आणि त्याला नावही मिळत नाही. गच्चीवर जायला कुणाची परवानगी लागत नाही. वडिलांनी तिच्या त्या वहीला दुकानाच्या रोजमेळाशेजारी जागा दिली, आणि ‘काल किती झाला गं?’ असे रोज गिऱ्हाइकांसमोर तिला विचारले, तर पुढचे काम ती स्वतःच करील.

पहिल्या वर्षी नोंदींतून फारसे काही निघत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. दुसऱ्या वर्षी तुलना सुरू होते. महसूल मंडळाच्या ठिकाणी नोंदला गेलेला पाऊस आणि आपल्या गच्चीवरचा पाऊस यांत फरक दिसू लागतो. मंडळाच्या आकड्यावर पीकविम्याची गणिते ठरतात, त्यामुळे तो फरक शेतकरी गिऱ्हाइकांनाही रस वाटावा असा असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणीतरी दुकानात येऊन म्हणतो, ‘औंदा मृगात काहीच नव्हतं,’ आणि गल्ल्यामागून उत्तर येते, ‘नाही काका, १४ जूनला अकरा मिलिमीटर झाला होता, मग एकोणीस दिवस खंड.’

एक खबरदारी मात्र वडीलधाऱ्यांनी घ्यावी. या वहीचे प्रमाणपत्र करायला, ती स्पर्धेत पाठवायला किंवा पाहुण्यांपुढे मांडायला घाई करू नये. मिलार्ड साहेबांनी त्या मुलाला बक्षीस दिले नव्हते. कप्पे उघडून दाखवले होते. आणि पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहायचे असते. रकाना कोरा ठेवला, तर त्या दिवशी पाऊस नव्हता की नोंद राहिली, हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.