रेषांतले चर्च

गोव्यातील एखाद्या जुन्या गावाकडच्या चर्चचे रेखाचित्र तुम्ही पाहिले आहे काय? प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचे घर गोव्यातील लोटली गावी होते. गोव्यातील चर्च, घरे आणि माणसे त्यांनी शाईच्या बारीक रेषांनी रेखाटली.

अशा चित्रात रंग नसतो. मग चर्चची पांढरी भिंत कशी दिसते? तेथे चित्रकार कागद कोरा सोडतो. कौले, पायऱ्या, घंटेचा मनोरा मात्र रेषारेषांनी भरतो. जेथे सावली, तेथे रेषा दाट.

काही जण म्हणतात, "कॅमेरा असताना एवढे कष्ट कशाला?" मला हे पटत नाही. फोटो क्षणात निघतो. पण एकेक कौल काढायचे, तर आधी ते नीट पाहावे लागते. दुसऱ्यांचे प्रार्थनास्थळ इतक्या लक्षाने पाहणे, हाही त्यांचा आदरच आहे.

तुमच्या रस्त्यावरही एखादी जुनी मशीद, मंदिर किंवा चर्च असेल. ते रोज दिसते, पण आपण पाहत नाही. एकदा पेन्सिल घेऊन समोर बसा. चित्र कदाचित साधेच निघेल. पण ती इमारत मग तुम्हाला परकी वाटणार नाही.