किल्ली खिशात, सायकल कोठे?



बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या नेहमी दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकाच कुलपावर वा एकाच माणसावर सारा भार टाकू नये, हा त्यामागील विचार. हा धडा घरच्या सायकलीस लावण्याचे मला मात्र उशिरा सुचले. सांगलीस बदली असताना चिरंजीवांची नवी सायकल शिकवणीच्या दारातून चोरीस गेली. मागच्या चाकाचे कुलूप लावलेले होते आणि किल्ली त्याच्या खिशातच होती.

हे कुलूप केवळ चाक फिरू देत नाही. सायकल उचलून टेम्पोत घालणाऱ्यास ते अडवीत नाही. म्हणून सायकल खांबास वा पक्क्या गजास जखडणारे दुसरे कुलूप हवेच. बारीक केबलचे कुलूप साध्या कटरने तुटते. कठीण पोलादाची जाड साखळी किंवा यू आकाराचे कुलूप अधिक काळ दाद देत नाही. सायकलीच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलपासाठी राखावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तथापि किंमत म्हणजे हमी नव्हे. २००४ साली अमेरिकेत गोल किल्लीची महागडी कुलपे चक्क बॉलपेनच्या नळीने उघडल्याचे उघडकीस आले होते. तेव्हा सपाट किल्लीचे कुलूप पाहून घ्यावे.

साखळी सांगाडा आणि मागचे चाक या दोहोंतून ओवावी. ती जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर अंगाचा सारा भार देता येतो. किल्लीचे छिद्र खालच्या बाजूस ठेवावे, म्हणजे साताऱ्याच्या पावसाचे पाणी आत कमी शिरते.

पोलीस ठाण्यात सांगाड्याचा क्रमांक विचारला गेला, तेव्हा आयुष्यभर ठेवपावत्यांचे क्रमांक नोंदणारा मी निरुत्तर झालो. हा क्रमांक बहुधा पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो. तो आजच टिपून बिलासोबत जपून ठेवावा.

शेवटी एक विनंती. आपल्या दुकानातील अनेक नोकर व हमाल सायकलीवरच कामास येतात. आपल्या मुलाची सायकल गेली तर आपण दुसरी घेतो. त्यांची गेली तर घरखर्चास कात्री लागते. जुन्या वाड्यांत घोडे बांधण्यासाठी भिंतीत कड्या असत. तशी एक लोखंडी कडी आपल्या दुकानाच्या भिंतीत पक्की बसवून घ्यावी. खर्च किरकोळ आहे. तिजोरीची चिंता आपण रोज करतोच, ही चिंता एकदाच करावयाची आहे.