सॅमनचा हंगाम आणि नदीचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे सॅमन माशाची व्यापारी मासेमारी पूर्णपणे बंद ठेवण्यात आली. अशी बंदी त्यापूर्वी २००८ आणि २००९ मध्ये येऊन गेली होती; परंतु सलग तीन वर्षे होड्या धक्क्याला बांधून राहाव्यात हे तेथेही अभूतपूर्वच होते. बंदीचा निर्णय अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. नदीत परतणाऱ्या माशांची संख्या इतकी घटली होती की, मच्छीमारांच्या काही पुढाऱ्यांनी स्वतःच्याच पोटावर पाय आणणारी ही मागणी आपण होऊन केली. तेव्हा बंदी असावी की नसावी, हा वादाचा विषय नाही. ती ज्या कारणांनी ओढवली त्यांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो हा खरा प्रश्न आहे, आणि पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र त्याचे जे उत्तर देते ते येथे अपुरे पडते.

हा सॅमन चिनूक जातीचा. (आपल्याकडे ‘इंडियन सॅमन’ या भारदस्त नावाने खपणाऱ्या रावसाशी त्याचे कसलेही नाते नाही.) तो नदीत जन्मतो, काही महिन्यांतच समुद्राला मिळतो, तेथे बहुधा दोन-तीन वर्षे वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परततो. अंडी घातल्यावर त्याचे आयुष्य संपते. समुद्रात त्याला जाळ्याने पकडण्यास मनाई आहे. एक-दोन माणसांची होडी शिशाच्या जड गोळ्यांनी खोल सोडलेल्या तारा आणि त्यांना लावलेले गळ आपल्यामागून संथपणे ओढत नेते आणि मासा एकेक करून वर घेतला जातो. गळाला उलटा काटा असता कामा नये असा नियम आहे, कारण ठरलेल्या मापाहून लहान मासा जिवंत सोडता आला पाहिजे. मासेमारीच्या ज्या पद्धती मनुष्याने शोधून काढल्या त्यांत इतकी संयमी पद्धत क्वचितच दुसरी असेल.

लहान होडीच्या दृष्टीने या हंगामाचा उत्तरार्ध महत्त्वाचा असतो. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी वायव्येचा वारा जोरात असतो. मोठ्या होड्या तो सोसून दूरवर जातात, लहानांना बंदरातच दिवस काढावे लागतात. सप्टेंबर उजाडला की वारा पडतो, आणि उन्हाळाभर खाऊन पुष्ट झालेला मासा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या तोंडाशी, गोल्डन गेटच्या आसपास गोळा होऊ लागतो. बोडेगा बे किंवा हाफ मून बे येथून निघालेल्या छोट्या होडीला मासा जवळ येतो तो याच सुमारास. पण हेच दिवस नियमांनी सर्वांत अधिक जखडलेले आहेत. उत्तरेकडील क्लॅमथ नदीच्या माशांपुरते बोलायचे तर १ सप्टेंबरनंतरची पकड पुढील वर्षाच्या खात्यात धरली जाते. म्हणजे शरदातील हंगाम हा जवळजवळ उधारीचाच व्यवहार. म्हणून कित्येक वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात केवळ पॉइंट रेयेस ते पॉइंट सॅन पेड्रो एवढाच पट्टा खुला ठेवला गेला, तोही सोमवार ते शुक्रवार. या पट्ट्यात मुख्यतः सॅक्रामेंटो नदीचा मासा मिळतो, हे त्यामागचे कारण.

इतक्या काटेकोर नियमांमागे एक विचारसरणी आहे. १९५४ साली एच. स्कॉट गॉर्डन या कॅनडियन अर्थशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, ज्या समुद्रावर कोणाचीच मालकी नाही तेथे होड्यांची संख्या वाढत जाते आणि शेवटी सर्वांचाच नफा नाहीसा होतो. आज सोडलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल याची खात्री नसल्यामुळे कोणीही तो सोडत नाही. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने सामायिक कुरणाच्या दृष्टान्ताने हाच विचार लोकप्रिय केला. १९७६ च्या संघीय मत्स्यव्यवसाय कायद्याने प्रादेशिक मंडळे निर्माण केली आणि १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाने सॅमनच्या होड्यांचे परवाने मर्यादित केले. गॉर्डनचा सिद्धान्त खोटा नाही. २०२२ चेच उदाहरण पाहा: त्या वर्षी मासेमारीनंतरही सुमारे १ लाख ९८ हजार प्रौढ मासे सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात परततील असा अंदाज होता, प्रत्यक्षात परतले सुमारे ६२ हजार, म्हणजे १ लाख २२ हजारांच्या किमान उद्दिष्टाच्या निम्मेच. चुकलेल्या अंदाजावर विसंबून हंगाम खुला ठेवला गेला आणि त्यात होड्यांचाही वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि या सिद्धान्तात एक गृहीत दडलेले आहे. मासा कमी झाला तर तो पकडणाऱ्यानेच कमी केला, असे ते गृहीत. सॅक्रामेंटोच्या बाबतीत ते टिकत नाही.

प्रशान्त किनाऱ्यावरचा सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना १८६४ साली याच नदीवर निघाला. त्या काळात सोन्याच्या खाणींसाठी डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी फोडून निघालेला गाळ नद्यांत सोडण्यात येई. १८८४ च्या न्यायालयीन निकालाने तो थांबला. त्या वेळीही तक्रार मुख्यतः गाळाने बुडालेल्या शेतकऱ्यांची होती, माशांच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता. पुढे १९४२ मध्ये सॅन वाकीन नदीवर फ्रायंट धरण झाले आणि तेथील वसंतातील चिनूकचा वंशच बुडाला. १९४५ मध्ये शास्ता धरण पूर्ण झाले; सॅक्रामेंटोच्या वरच्या खोऱ्यातील थंड पाण्याचे प्रवाह माशांना कायमचे बंद झाले. भरपाई म्हणून मत्स्यबीज केंद्रे उभारली गेली, आणि आज समुद्रात सापडणाऱ्या माशांचा मोठा भाग अशा केंद्रांतला असतो. मासा केंद्रात जन्माला घालता येतो. समुद्रापर्यंतची नदी मात्र केंद्रात तयार करता येत नाही.

सॅमनची अंडी सुमारे १३ अंश सेल्सिअसपेक्षा ऊन पाण्यात तग धरत नाहीत. धरणाखाली ते गारव्याचे पाणी मिळायचे तर जलाशयाच्या तळाचा साठा शरदापर्यंत शिल्लक राहिला पाहिजे. परंतु भातशेती आणि फळबागा यांना पाणी लागते ते वसंतात आणि उन्हाळ्यात. पाऊसमान चांगले असेल तर दोघांचेही भागते. दुष्काळात शेताला आधी मिळते, कारण येथील जलहक्क ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या तत्त्वावर चालतात. (सर्वांत आधी आलेला मासाच होता, हा मुद्दा कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही.) दुसरे संकट वसंतातले: पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हाच धरणे पाणी अडवून धरतात, आणि त्रिभुज प्रदेशातील प्रचंड पंप उरलेला प्रवाह दक्षिणेकडे खेचतात. २०२० ते २०२२ या दुष्काळात हेच घडले. २०२१ च्या उन्हाळ्यात तर आधीच संकटग्रस्त ठरलेल्या हिवाळी चिनूकची बहुतेक अंडी व पिल्ले उष्ण पाण्याने मेली.

आता काळाचा हिशेब करावा. दुष्काळात मेलेली पिल्ले समुद्रात ‘कमी’ दिसतात ती दोन-तीन वर्षांनी. त्या वेळी धरणे पुन्हा भरलेली असतात, बदामाच्या बागा बहरलेल्या असतात आणि धक्क्यावर होडी रिकामी असते. कार्यकारणाचा दुवा या अंतरात लोकांच्या नजरेआड होतो. रोनाल्ड कोसने १९६० मध्ये मांडले होते की, हक्क स्पष्ट असतील आणि सौद्याचा खर्च नगण्य असेल तर दोन्ही पक्ष आपसांत तडजोड करतील. येथे होडीवाल्याला पाण्यावर हक्कच नाही. सौदा तो कशाच्या बळावर करणार?

शेतकऱ्याला खलनायक ठरविणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. सरकारने दिलेल्या करारांवर विसंबून त्याने बागा लावल्या. हिवाळ्यात पाण्याखाली ठेवलेल्या भातखाचरांत सॅमनची पिल्ले झपाट्याने वाढतात, असे प्रयोग त्याच्याच शेतांत झाले आहेत. शिवाय संपूर्ण दोष पाण्यावरही टाकता येत नाही. समुद्रातील आहार बदलल्याने माशांत थायमिनची कमतरता निर्माण झाल्याचे २०२० मध्ये आढळून आले. क्लॅमथवरचा अनुभव तर आशादायक आहे. २००२ च्या सप्टेंबरमध्ये त्या नदीत किमान ३४ हजार प्रौढ मासे मेले होते. २०२४ मध्ये तेथील चार धरणे पाडण्याचे काम पुरे झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अनेक दशके अडलेल्या वरच्या पात्रात चिनूक पोचला. पण शास्ता कोणी पाडणार नाही, आणि पाडावे असे म्हणणाराही व्यवहारी ठरणार नाही.

करता येण्याजोगे आहे ते निराळे. १९९२ च्या कायद्याने मध्य खोऱ्याच्या पाणी प्रकल्पात मासे व वन्यजीव यांना सिंचनाच्या जोडीने स्थान दिले, त्यांच्यासाठी ८ लाख एकर-फूट पाणी राखून ठेवण्यास सांगितले आणि पाणी व वीज घेणाऱ्यांवर आकार बसवून एक निधी उभारला. सॅमनचे नैसर्गिक उत्पादन २००२ पर्यंत दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. ते पार पडले नाही. उद्दिष्ट हुकले म्हणून त्या निधीवर कसलीही जबाबदारी येत नाही, हीच त्यातील मोठी उणीव आहे. हंगाम बंद झाला की होडीवाल्याला संघीय सरकारच्या आपत्ती-साहाय्याची वाट पाहावी लागते. २००८ मध्ये काँग्रेसने संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १७ कोटी डॉलर दिले. २०२३ च्या बंदीसाठी कॅलिफोर्नियाच्या वाट्याला सुमारे २ कोटी डॉलरची रक्कम जाहीर झाली तीही पुढच्या वर्षी. तोपर्यंत होडीचे हप्ते, विमा आणि धक्क्याचे भाडे थांबलेले नसते. खेकड्यांचा हंगाम हा दुसरा आधार. देवमासे दोरांत अडकू नयेत म्हणून तोही अलीकडे वारंवार उशिरा सुरू होतो.

तेव्हा ज्या वर्षी नदीतील पाणी कमी पडल्यामुळे हंगाम बंद करावा लागेल, त्या वर्षी होडीचा हा स्थिर खर्च पाण्यावरील आकारातून आपोआप चुकता व्हावा. रक्कम शेतीच्या उलाढालीच्या मानाने किरकोळ असेल. त्यामुळे मासा वाढणार नाही, हे उघड आहे. पण पाण्याच्या वाटपाचा निर्णय घेणाऱ्यांना तीन वर्षांनंतरचा खर्च त्याच दिवशी आपल्या वहीत दिसू लागेल. यावर, आम्ही निधीला आधीच पैसे देतो, असा आक्षेप सिंचनसंस्था घेतील. तो रास्त आहे. मग तो निधी आजवर कशावर खर्च झाला आणि त्यातून किती मासे वाढले, याचा तपशील त्यांनीच होडीवाल्यांच्या बरोबरीने मागावा.