मुखत्यारी कोणाची?
विद्यापीठाच्या आवारात परवा एका विद्यार्थ्याने पत्त्याच्या पानाएवढा रास्पबेरी पाय बोर्ड समोर ठेवून त्याच्या खाचेत मेमरी कार्ड सरकवले, हिरवा दिवा लुकलुकला, पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या, आणि १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेले लिनक्स आमच्या मराठवाड्यात इतक्या सहजतेने नांदताना पाहून मन प्रसन्न झाले. वाळूजचा लघुउद्योजक यंत्रावरील देखरेखीसाठी बंदिस्त प्रणालीची कुलूपबंद पेटी विकत घेतो, तेव्हा बारीकशा फेरबदलासाठीही त्याला विक्रेत्याकडे दरखास्त करावी लागते. उलट डेबियन या लिनक्स-आवृत्तीवर उभारलेल्या, त्या बोर्डावरील प्रणालीचा बहुतेक सोर्स कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा असा खुला असल्याने सगळी मुखत्यारी वापरणाऱ्याच्याच हाती राहते. म्हणूनच शासकीय तंत्रनिकेतनांनी प्रयोगशाळेच्या खरेदीत खुल्या प्रणालीची अट निविदेतच घालावी. बंदिस्त प्रणालीवर सार्वजनिक पैसा खर्चणे सर्वथा अनुचित आहे.